सोडल्यानंतरचं वर्ष

‘सुटलं म्हणून पेढे वाटले हो आम्ही,’ निगडीतल्या यमुनानगरच्या एका आईनं मला फोनवर सांगितलं होतं. ‘आता हा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. दोन जिने चढला की धापा टाकतो. सुटलं म्हणजे बरं झालं, असंच नं?’

तिचा मुलगा जिममध्ये इंजेक्शनं घ्यायचा. त्याच्याविषयी पुढे येईलच. त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला आणि ते मला बरेच महिने टोचत राहिलं. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘नंतर’, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. नशेच्या आहारी गेलेल्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. पकडलेल्या मालाच्या बातम्या तर रोजच्या. पण ज्यानं सोडली, जो घरच्यांच्या लेखी बरा झाला, त्याच्या अंगात मागे काय उरतं? ते घेऊन तो मशीनवर कसा उभा राहतो? हे बघायला मी पिंपरी-चिंचवड ते चाकण अशा चकरा मारू लागले.

तळेगाव चौक, सकाळी साडेसहा

चाकणच्या तळेगाव चौकात या वेळी दोन गर्दी एकमेकींत मिसळतात. फर्स्ट शिफ्टची पोरं गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक, पायात सेफ्टी शूज घालून कंपनीच्या बसची वाट बघत असतात. नाइट करून आलेली त्यांच्याच शेजारी उतरतात. टपरीवर दोघांचा चहा एकाच पातेल्यातला.

मी ज्याला भेटायला गेले होते तो फर्स्टचाही नव्हता आणि नाइटचाही. ‘सध्या ब्रेक आहे,’ म्हणाला. वय २६, परभणी जिल्ह्यातला, आयटीआय केलेला, सीएनसी मशीनवर काम करणारा. एमडी सोडून आठ महिने झालेले. एका समुपदेशकानं आमची गाठ घालून दिली होती. नाव छापायचं नाही, एवढी एकच अट.

‘झोपच लागत नै ताई. लागली तरी दोन तासांत उठतो. उठल्यावर असं वाटतं की कायतरी राहिलं. काय राहिलं ते कळत नै.’

चहाचा घोट तो डाव्या गालानंच घेत होता. का, म्हणून विचारलं तर त्यानं तोंड उघडून दाखवलं. उजव्या बाजूच्या दाढांचे उंचवटे घासून पार सपाट झालेले, टाकी न लावता वर्षानुवर्षं फिरवलेल्या जात्यासारखे. एमडी अंगात असताना जबडा आवळला जातो आणि दातावर दात घासत राहतात, तासन्‌तास, माणसाच्या नकळत. नशा उतरते, पण झिजलेलं दाताचं कवच परत येत नाही. आता त्याला गरम लागतं, थंड लागतं, भाकरी चावताना कळ जाते. दंतवैद्यानं सांगितलेला खर्च त्याच्या दीड महिन्याच्या पगाराइतका होता.

मग त्यानं खिशातून एक छोटी वही काढली. शिफ्टचं लॉगबुक भरायची सवय असलेल्या माणसानं आखावेत तसे पट्टीनं आखलेले रकाने : तारीख, झोप, धडधड, तलफ. झोपेखाली तास लिहिलेले, बाकी दोन्हींखाली ‘हो’ किंवा ‘नै’. वहीच्या मागच्या पानांवर मात्र नुसते आकडे होते. मशीनचे ऑफसेट. पूर्वी हे सगळे आकडे तोंडपाठ असायचे, आता जॉब लावेपर्यंत विसरतात, म्हणून लिहून ठेवायची वेळ आली. शेवटच्या ठेक्यात त्याच्या हातून दोनदा रिजेक्शन निघालं, तेव्हा सुपरवायझरला वाटलं, पोरगं पुन्हा घ्यायला लागलं.

‘घेत होतो तेव्हा एक पीस रिजेक्ट नव्हता गेला,’ तो म्हणाला. हे वाक्य तेवढंच सोडून मला पुढे जाता येईना. सोडल्याचं बक्षीस म्हणून त्याला संशय मिळाला होता.

पावडर इथं का टिकली

मेफेड्रोन म्हणजे एमडी. पोरांच्या तोंडी नुसतं ‘पावडर’. फेब्रुवारी २०१५मध्ये केंद्र सरकारनं ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं. पुणे जिल्ह्याचा या पदार्थाशी संबंध नुसता विकत घेण्यापुरता नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो एमडी पकडलं. त्याच प्रकरणातला एक आरोपी पुढे ससून रुग्णालयात दाखल असताना २ ऑक्टोबर २०२३ला पळाला आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला कारखानाच उघडकीला आणला. कुरकुंभ, दिल्ली आणि सांगलीजवळचं कुपवाड मिळून १,७०० किलोंहून अधिक माल निघाला.

एवढ्या किलोंच्या बातम्यांत एक ग्रॅम घेणारा दिसत नाही. तो खराबवाडीत, नाणेकरवाडीत, म्हाळुंग्यात कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत सहाजण, आणि कॉट मात्र तीनच. नाइटचा उठून गेला की फर्स्टचा येऊन आडवा होतो. परभणीच्या पोराच्या शब्दांत, कॉट कधी गार होतच नाही. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. अंगाला दिवस कुठला आणि रात्र कुठली, याचा मेळ लागण्याआधीच ती पुन्हा बदलते. त्यात दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम. खोलीतल्या एकानं सांगितलं, हे घे, डोळा लागणार नाही. मौज नंतर आली, सुरुवात जागं राहण्यापासूनच झाली होती. शहरातल्या पार्टीच्या चित्रात हा मुलगा कुठंच बसत नाही, म्हणून त्याच्या दुखण्याकडेही कुणी पार्टीचं दुखणं म्हणून बघत नाही. मुळात बघतच नाही.

उधारी

एमडी मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं एकदम मोठ्या प्रमाणावर सांडायला लावतं. उत्साह, आत्मविश्वास, भूक नाही, झोप नाही. बंद केल्यावर पहिले काही दिवस माणूस नुसता झोपतो आणि खातो. घरच्यांना वाटतं, चला, रुळावर आला. खरा कठीण काळ त्यानंतरचा. झोप उडते, कशातच रस वाटत नाही, आवडता पदार्थ मातीसारखा लागतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. हे आठवडे नव्हे, महिनेही चालतं. काहींना नशेच्या दिवसांत कानात आवाज यायचे, पोलीस मागावर आहेत असं वाटायचं. ते बहुतेकांचं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत शमतं. पण काहींचं रेंगाळतं आणि त्यांना मानसोपचाराचीच गरज असते.

गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थांची सवय सोडवायला ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधं आहेत. एमडीसारख्या उत्तेजकांसाठी तसं खात्रीचं औषध अजून नाही. झोपेवर, नैराश्यावर, धडधडीवर वेगवेगळा इलाज होतो, समुपदेशन होतं, आणि बाकीचं काम काळावर सोपवावं लागतं.

काळ म्हणजे किती? एमडीच्या जवळच्या नात्यातलं मेथॲम्फेटामीन घेणाऱ्यांच्या मेंदूचा एक अभ्यास अमेरिकेत नोरा व्होल्कोव यांच्या गटानं २००१मध्ये प्रसिद्ध केला. डोपामिन वाहून नेणारी मेंदूतली यंत्रणा नशेनं खालावलेली होती. बारा ते सतरा महिने पूर्ण दूर राहिल्यावर ती बरीच भरून आली. स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांतले गुण मात्र त्या मानानं सुधारले नव्हते. मी हे परभणीच्या मुलाला सांगितलं तेव्हा त्यानं आधी बोटांवर महिने मोजले. ‘म्हंजे आणखी चार ते नऊ,’ म्हणाला. त्याचा चेहरा उतरेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आपण वेडे होत नाही आहोत, यालाही काही मुदत आहे, हे त्याला आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

जिमची कुपी

आता यमुनानगर. मुलगा २४ वर्षांचा, खांदे अजूनही भरदार, पण बोलताना दर चार वाक्यांनी थांबणारा. तो घ्यायचा ते मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर रक्तदाब घसरतो, तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. ते भूलतज्ज्ञाच्या ट्रेमधून जिमच्या लॉकरमध्ये आलं. घेतलं की दम लागत नाही, दोन सेट जास्त मारता येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळता कामा नये. तरी जिमला जाणाऱ्या मुलांना ही इंजेक्शनं विकणाऱ्यांवर पिंपरी-चिंचवड पोलिसांना गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा कारवाई करावी लागली आहे.

शरीर लवकरच सरावतं, मग कुपीवर कुपी. रक्तदाब रोज कृत्रिमपणे वर नेला की हृदयाच्या स्नायूवर ताण येतो, तो ताणून सैल पडतो. या मुलाचा टू-डी इको काढला तेव्हा कळलं की हृदय दर ठोक्याला जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं ढकलतंय. आईनं ती फाइल माझ्यासमोर ठेवली. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये पहिल्या पानावर तिनं हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती.

यातला दिलासा असा की इंजेक्शन कायमचं बंद झालं आणि औषधं नेमानं घेतली तर काहींचं हृदय सावरतं. काहींचं थोडं सावरतं. त्यासाठी वजन उचलणं बंद, मीठ कमी, दर काही महिन्यांनी इको. ज्याची सगळी ओळख दंडावर होती त्याला डॉक्टर सांगतात, सावकाश चाल. तो भिंतीकडे का बघत बसतो, हे मला त्या घरात कळलं. सकाळी सहाला मित्र खालून हॉर्न मारत जिमला जातात. तो खिडकी लावून घेतो.

दुसरी एक गोष्ट त्यानं आई चहा करायला आत गेल्यावर सांगितली. तिघांत एकच सुई असायची. मी विचारलं, रक्त तपासलंस? एचआयव्हीची केली, निगेटिव्ह आली, म्हणाला. हेपटायटिस सी हे नावच त्यानं ऐकलं नव्हतं. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि लक्षणं दिसेपर्यंत यकृत कठीण झालेलं असतं. पण आज तो गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांचा बारा आठवड्यांत, आणि शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. ज्यानं आयुष्यात एकदाही दुसऱ्याची सुई वापरली त्यानं ही तपासणी करावी, हे वाक्य प्रत्येक जिमच्या आरशावर चिकटवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गरम पाण्याची अंघोळ

भोसरीतल्या एका चाळीत मला एका सुनेनं वेगळीच तक्रार सांगितली. दीर रोज पहाटे ओकतो आणि मग तास तास न्हाणीघरात बसतो. कढत पाणी अंगावर घेतल्याशिवाय त्याला बरंच वाटत नाही. सिलिंडर वीस दिवसांत संपतो. दोनदा एंडोस्कोपी झाली, पित्ताच्या गोळ्या झाल्या, कुणीतरी करणी म्हणालं.

वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांत असं होतं. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४मध्ये अशा रुग्णांचं वर्णन पहिल्यांदा नीट लिहिलं. ओकारीचे झटके आणि गरम पाण्यानं येणारा आराम, ही खूण इतकी ठळक आहे की ती ऐकून निदान करता येतं. इलाज एकच, गांजा पूर्ण बंद. तरी झटके लगेच थांबत नाहीत, काही आठवडे आणि कधी महिनेही जातात. त्यामुळे रुग्णाला वाटतं, बंद करूनही काही फरक नाही, मग ओढलेलीच बरी. दिरानं डॉक्टरांना गांजाचं सांगितलं होतं का? ‘भावोजी कसं सांगतील,’ ती म्हणाली, ‘सासरे बाहेर बसलेले असायचे.’

पुढच्या सगळ्या भेटींत मला हेच दिसत राहिलं. छातीत धडधड म्हणून येणारा एमडीचं सांगत नाही, ओकारी म्हणून येणारा गांजाचं, आणि पायाला मुंग्या येतात म्हणून पिंपरी स्टेशनजवळच्या ज्या बारा-चौदा वर्षांच्या पोराला कुणीतरी दवाखान्यात नेलं, त्याला तर कुणी विचारलंच नाही. तो रुमालावर सोल्युशन घेऊन हुंगायचा. काही सोल्युशनांत आणि थिनरमध्ये असलेलं हेक्झेन नसा कुरतडतं. आधी तळपाय बधिर होतो, मग पाऊल उचलताना पंजा लोंबतो. त्याच्या पायातली चप्पल चालताना निसटत होती आणि ते त्याला कळत नव्हतं. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांहून जास्त होतं : १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. हुंगणं थांबल्यावरही नसांचं नुकसान काही काळ वाढत जातं आणि मगच सावकाश भरायला लागतं. म्हणजे सोडल्यावर पोरगं आणखी लंगडायला लागतं.

पडद्याआड सांगायचं

मोठ्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी कशी असते हे सांगायला नको. केसपेपरची रांग, नंबर, आणि डॉक्टरच्या टेबलाभोवती एकाच वेळी चार रुग्ण, त्यांचे नातेवाईक. अशा गर्दीत कोण सांगणार, मी पावडर घ्यायचो म्हणून? त्यावर पोलिसांची भीती. खरं तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे, उपचार पूर्ण केले पाहिजेत एवढंच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांतून येणारे मानसिक त्रास आजारातच धरलेत, आणि आजार म्हटल्यावर गोपनीयतेचा हक्क आलाच. यातलं एकही अक्षर मला ओपीडीच्या भिंतीवर दिसलं नाही. ‘धूम्रपान करू नये’ मात्र चार ठिकाणी.

परभणीच्या मुलाला समुपदेशकानं एक साधी युक्ती शिकवली होती. केसपेपरबरोबर डॉक्टरसमोर एक चिठ्ठी सरकवायची : काय घेत होतो, किती दिवस, कधी सोडलं. तोंडानं काही बोलायचं नाही. त्यानं तसं केलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून त्याच्या हातात परत दिली आणि ईसीजी लिहून दिला. झोपेच्या सवय लागणाऱ्या गोळ्या मात्र मुद्दाम लिहिल्या नाहीत. ही चिठ्ठी नसती तर त्या गोळ्या लिहिल्या गेल्या असत्या आणि एकातून सुटलेला दुसऱ्यात अडकला असता.

कार्ड आणि ब्रेक

चिंचवडच्या मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे. दरमहा २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचं ईएसआयचं कार्ड निघतं. ते असलं की औषधोपचार मिळतात, आणि आजारपणाची रजा लागली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. कागदावर ही व्यवस्था सोडलेल्या माणसासाठीच केल्यासारखी दिसते.

पण नव्यानं नोंद झालेल्या कामगाराला ही रोख भरपाई लागू व्हायला साधारण नऊ महिने लागतात. आणि ठेका किती महिन्यांचा? वर्षभरात २४० दिवस भरले की कामगाराचे कायदेशीर हक्क उभे राहतात, म्हणून सातव्या महिन्यात ‘ब्रेक’. मग दुसरा ठेकेदार, दुसरा गेट, पुन्हा मेडिकल, पुन्हा पहिल्यापासून. जुना विमा क्रमांक पुढे चालवता येतो, पण पुष्कळ पोरांना ते माहीतच नसतं आणि नवा ठेकेदार नवाच क्रमांक काढून मोकळा होतो. चाकणमध्ये आजारी पडायचं तर नऊ महिने थांबून पडावं लागतं आणि नोकरी सात महिन्यांतच संपते.

या पट्ट्यात प्रेसखाली बोटं गेलेली माणसं प्रत्येक वस्तीत भेटतात. चार तास झोपलेल्या, हात हलका थरथरणाऱ्या मुलाला तिथं उभं करणं म्हणजे काय, हे प्रत्येक लाइन सुपरवायझरला कळतं. पॅकिंग, स्टोअर किंवा इन्स्पेक्शन अशी सहा महिन्यांची हलकी ड्यूटी आणि फिरती नाइट बंद, एवढंही पुरेल. कायम कामगाराला युनियन हे मिळवून देऊ शकते. ठेक्यावरच्या पोरासाठी मात्र शब्द टाकणारं कुणी नसतं.

घरचे

व्यसनमुक्तीचं नाव काढलं की मराठी माणसाला मुक्तांगण आठवतं. डॉ. अनिल अवचटांची गर्दवरची लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे हलले, त्यांनी देणगी दिली, आणि १९८६मध्ये पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. अनिताताई १९९७मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२मध्ये. काम आज मुक्ता पुणतांबेकर बघतात. तिथले कितीतरी कार्यकर्ते स्वतः त्या वाटेवरून आलेले आहेत आणि बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की माणूस केंद्रातून बाहेर पडला तरी त्याचं येणं-जाणं वर्षानुवर्षं चालू ठेवलं जातं आणि सोडल्याचा वाढदिवस केला जातो.

पण यमुनानगरच्या आईला तिथवरही एकटीनं जायचं धैर्य नव्हतं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मी तिला वहीत लिहून दिला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, हे दोनदा सांगितलं. दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला. मुलगा बोलला, स्वतः, दार लावून, पाऊण तास. काय बोलला ते तिनं विचारलं नाही. ‘विचारू नको असं तुम्हीच म्हणाला होतात नं?’ मी तसं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं, पण तिनं केलं ते बरोबरच होतं. रक्ताची तपासणीही त्यानं करून घेतली होती. रिपोर्ट यायचा होता.

परभणीच्या मुलाला मी शेवटचं भेटले ते गणपतीनंतर, आंबेठाण चौकात. त्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं, नुसतं जनरल शिफ्टचं, पगार दोन हजारांनी कमी. जॉब गेजमध्ये घालून बघायचे, बसले तर या क्रेटमध्ये, नाही बसले तर त्या. मालकाला सगळं माहीत होतं, यानंच सांगितलं होतं. उजव्या दाढेचं काम अजून व्हायचं होतं. चहा त्यानं डावीकडूनच घेतला.

मी वही मागितली. ‘धडधड’च्या रकान्यात खालपर्यंत ‘नै’ होतं. ‘तलफ’मध्ये त्या आठवड्यात दोनदा ‘हो’, त्यातला एक पगाराच्या दिवशीचा. झोपेचा रकाना त्यानं बोट ठेवून वाचून दाखवला : साडेतीन, चार, तीन, पावणेपाच, चार.

‘आणि काल?’

‘काल सव्वापाच,’ तो म्हणाला. पेन काढून त्यानं तो आकडा तिथंच, माझ्यासमोर लिहिला.